झेंडूतला बॉल

जयरामला फुटबॉलचा नाद कसा लागला, हे एकलहऱ्यात कुणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग सांगेल. बाकीची माणसं मैदानावर खेळ बघायला गेली. हा गेला होता भांडायला.

त्याचा दीड एकराचा मळा वीज केंद्राच्या कॉलनीला खेटून होता. मध्ये नुसतं काटेरी तारेचं कुंपण. अलीकडे झेंडू, शेवंती आणि चार सऱ्या गुलाबाच्या. पलीकडे कॉलनीचं मैदान. केंद्राच्या धुराड्यांची राख पहाटे फुलांवर बसायची आणि जयरामची बायको सरुबाई बाजाराच्या टोपलीत टाकण्याआधी एकेक फूल झटकायची. राखेबद्दल जयरामने कधी तक्रार केली नाही. राख वाऱ्याने येते, वाऱ्याशी कोण भांडणार? पण बॉल कुणाच्या तरी पायातून येतो, आणि पायाला मालक असतो.

एक्क्याण्णव साली दिवाळीच्या तोंडावर असाच एक बॉल आला आणि शेवंतीची पाच झाडं घेऊन बसला. जयरामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने बॉल उचलला, गोठ्यात नेला आणि कडब्याच्या गंजीत खुपसला. कॉलनीच्या नवज्योत क्लबाकडे तेव्हा तो एकच बॉल. मॅच थांबली. क्लबाचा सेक्रेटरी यादव तारेपाशी येऊन हात जोडायला लागला, पाव्हण्या टीमचे लोक हसायला लागले, आणि जयराम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आधी माझी झाडं उभी करा, मग न्या तुमचा बॉल."

तेवढ्यात एक काळासावळा, आडव्या हाडाचा गडी तारेखालून सरपटत आत आला. पायात बूट नाहीत. कुणाशी एक अक्षर न बोलता तो मोडक्या झाडांपाशी उकिडवा बसला, बांधावरच्या काड्या मोडून घेतल्या, चड्डीची नाडी ओढून तिचे तुकडे केले आणि एकेक झाड काडीला बांधत गेला. हात असे चालत होते की जयराम बघतच राहिला. शेवटी एका हाताने चड्डी धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "दोन जगतील दादा. तीन नाय जगायची. बॉल मीच मारला व्हता."

हा दत्तू. सुरगाण्याकडचा. भात कापून झालं की तिकडची माणसं जीप भरभरून खाली कामाला उतरतात, तसा तो एका हंगामापुरता ठेकेदाराकडे कोळशाच्या कामाला आला होता. पुढे तो राहिला तो राहिलाच. क्लबाने त्याला डाव्या बाजूला बॅक म्हणून उभा केला, बूटही दिले, आणि एक हाफ तो नेमका जयरामच्या कुंपणाला चिकटून खेळायला लागला.

दत्तूचा खेळ म्हणजे काय? बॉल पायात आला की घाल लांब. पासबीस देणं त्याला ठाऊक नव्हतं. समोरच्याचे चार खेळाडू चालून आले, गोलकीपर आडवा पडला, आता गोल होणार म्हणून लोकांनी डोळे मिटले, की कुठून तरी दत्तूचा डावा पाय यायचा आणि बॉल थेट जयरामच्या मळ्यात. मग जयराम तारेपाशी उभा राहून कॉलनीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचा, "इकडं नको रे! इकडं नको!" आणि मॅच संपली की मोडलेली झाडं मोजून आकडा जाहीर करायचा. "तीन मोडली! फुटबॉलपटू म्हणं!"

लोकांना त्याची गंमत वाटायला लागली. हळूहळू त्याचा रिवाजच पडला. रेफ्रीची शिट्टी वाजली की सगळं मैदान कुंपणाकडे वळून विचारायचं, "जयराम, झाडं किती?" सोमवारी वीज केंद्रात पहिल्या पाळीची माणसं एकमेकांना निकाल सांगायची तो असा: "दोन-एक. झाडं चार." जयरामला हे मनातून आवडत होतं. खोटं कशाला बोला, आपल्या बोलण्यावर तीनशे माणसं हसली की कुणालाही आवडतं. दत्तू मात्र हसत नसे की रागावत नसे. मॅच झाली की सुतळीचं भेंडोळं घेऊन तारेखालून यायचा, झाडं बांधायचा आणि जायचा.

अशी चौदा वर्षं गेली. या चौदा वर्षांत जयरामने एकही मॅच चुकवली नाही. विचारलं तर म्हणायचा, "फुलं राखाया जातो." फुलं राखायला गेलेला माणूस देवळालीच्या मैदानावरच्या मॅचला काय राखायला जात होता, हे सरुबाईने एकदा विचारलं.

दोन हजार पाचच्या गणपतीनंतर बातमी आली की दत्तू खेळ थांबवतोय. गुडघा कामातून गेला होता. दसऱ्याआधीच्या रविवारची कपची फायनल खेळून तो गावी परतणार होता. कॉलनीत लगेच दोन तट पडले. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, सुंठीवाचून खोकला गेला, आता तरी क्लब जरा शिकल्यासारखा खेळेल. नव्व्याण्णव सालची पेनल्टी याच बाबामुळे गेली होती की नाही? दुसरा म्हणाला, पेनल्टी आठवते, आणि त्याने गोलच्या तोंडातून काढलेले बॉल आठवत नाहीत होय रे? गंमत म्हणजे हे दोघं दर दोन दिवसांनी आपापली बाजू बदलायचे. त्याच्या जागी येणारा महेश चांगला शिकलेला खेळाडू होता, बॉल जमिनीवर ठेवून खेळायचा. सगळे म्हणायचे, महेश चांगला आहे. आणि मग उगाच कपातला चहा हलवत बसायचे.

जयराम टपरीवर मोठ्याने म्हणाला, "सुटलो बुवा! आता माझा झेंडू सुखानं फुलंल." लोक हसले. पण घरी आल्यावर त्याच्या तोंडाला भाकरीची चव लागेना. त्या गड्याला आपण चौदा वर्षांत एकदा तरी बरा शब्द बोललो का, हे तो आठवत बसला, आणि त्याला काही आठवलं नाही. आता तो जाणार, आणि जाताना एकलहऱ्याचं काय घेऊन जाणार, तर झाडं किती, झाडं किती. हे जयरामच्या जिवाला लागलं. पण जन्मभर वाकडं बोललेल्या जिभेला सरळ बोलायचं म्हटलं की तिला कापरं भरतं. त्यात यादवने येऊन वर सांगितलं, "शेवटचा आकडा माईकवर सांगायचा बरं का. सत्काराच्या आधी. लोकांची फर्माईश हाय."

फायनलच्या रविवारी मळा नुसता पेटला होता. दसरा बुधवारी, तोडा सोमवारी सुरू व्हायचा, म्हणून दहा दिवस एक फूल तोडलं नव्हतं. झेंडूची झाडं फुलांच्या ओझ्याने वाकली होती. माळ्याच्या वर्षाची कमाई या तीन दिवसांत असते. जयराम आणि सरुबाई कुंपणाच्या आत, बांधावर बसून मॅच बघत होते.

पहिल्या हाफमध्ये नवज्योतने देवळालीच्या टीमवर दोन गोल चढवले. दुसऱ्या हाफमध्ये दत्तू कुंपणाच्या बाजूला आला. अडतिसाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, तो लंगडत धावत होता. देवळालीची पोरं त्याच्याच बाजूने घुसायला लागली. एकदा बॉल त्याच्या पायात आला. मैदान ओरडलं, "घाल!" जयरामने सवयीने तोंड उघडलं, "इकडं नको..."

दत्तूने मळ्याकडे एक नजर टाकली आणि पाय आवरला. उलट बाजूला वळून त्याने आज मधल्या फळीत खेळणाऱ्या महेशला पास द्यायचा प्रयत्न केला. जन्मात कधी न दिलेला पास तो. गेला सरळ समोरच्या टीमच्या पायात. गोल. दोन-एक.

"म्हातारा झाला! काढा त्याला भाईर!" लोक ओरडले. दत्तू खाली मान घालून उभा.

"च्यायला, ह्याला झालं काय?" जयराम चिडला. "चौदा वर्सं माझ्या मळ्यात मारतोय, आन आजच पाय आखडला?"

"फडकं नाय ना आज," सरुबाई म्हणाली.

"कसलं फडकं?"

सरुबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याला आपलंच घर ठाऊक नाही. मळ्यात एका काठीला लाल फडकं कायम बांधलेलं असायचं. कधी या वाफ्यात, कधी त्या. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून बायको ते लावते, असं जयराम चौदा वर्षं समजत आला होता. तसं त्याने कितीजणांना सांगितलंही होतं.

"दिष्टीचं कुठलं वो?" ती म्हणाली. "दत्तूभावजी शनवारी येऊन इचारायचे, वहिनी, तोडा कुठवर झाला? ज्या वाफ्यातली फुलं तोडली, तिथं मी फडकं लावायची. मग रविवारी ते बघून तिकडंच मारायचे. झाड मोडलं तरी फुलं तर टोपलीत गेलेली. काल बी आले व्हते. मी म्हणलं, भावजी, आवंदा तोडाच नाय झाला, दसऱ्याचं समदं उभं हाय. तर म्हणले, मग ऱ्हाऊ द्या, म्या जमिनीवरून खेळंन."

"आन हे मला कधी सांगायचं?"

"तुम्ही इचारलं कधी? तुम्ही झाडं मोजीत व्हते."

जयरामचा चेहरा राखेसारखा झाला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. पण जग एखाद्या वेळेला फसतं, जयराम तर चौदा वर्षं दर रविवारी फसला होता, तेही ओरडून ओरडून. ज्या दत्तूने याची फुलं राखली, त्याचंच याने तीनशे माणसांत हसं केलं होतं. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

मैदानावर पाच मिनिटं उरली होती. देवळालीने सगळी माणसं पुढे आणली. एक बॉल गोलकीपरच्या हातून सुटला, दुसरा खांबाला लागून आला, आणि घोळक्यातून निसटून थेट दत्तूच्या डाव्या पायापाशी येऊन थांबला. चारजण त्याच्यावर धावले. दत्तूने मळ्याकडे पाहिलं. सगळीकडे पिवळं, केशरी. लाल फडकं कुठेच नाही. त्याचा पाय पुन्हा अडखळला.

आणि जयराम उठला. गोठ्याच्या कुडाला टांगलेलं लाल फडकं त्याने ओढलं, भरल्या झेंडूत कमरेइतका घुसला आणि दोन्ही हातांनी ते डोक्यावर धरून बेंबीच्या देठापासून ओरडला, "इकडं! दत्तू, इकडं! माझ्या फुलांत घाल!"

दत्तूने बघितलं. क्षणभर त्याला खरं वाटलं नसावं. मग तो डावा पाय आला, जसा चौदा वर्षं येत होता, आणि बॉल जयरामच्या डोक्यावरून जाऊन दसऱ्याच्या झेंडूत धप्पकन पडला.

देवळालीचा एक खेळाडू तारेशी धावला. "काका, बॉल! लवकर!"

"शोधतोय रे बाबा," जयराम म्हणाला. "लय दाट हाय." बॉल त्याच्या पायाशी होता. क्लबाकडे आता दुसरा बॉलही होता, पण यादव नेमका त्यावर बसला होता आणि त्याला काही केल्या उठता येईना. शेवटी रेफ्रीने डोळे वटारल्यावर बॉल मिळाला, थ्रो झाला, एक-दोन लाथा इकडेतिकडे झाल्या आणि शिट्टी वाजली.

लोक वेडे झाले. दत्तूला खांद्यावर घेऊन नाचता नाचता निम्मी मिरवणूक तार ओलांडून मळ्यात आली आणि कुंपणाकडच्या दोन सऱ्या पार आडव्या झाल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळे जिथल्या तिथे थांबले. पायाखाली झेंडू. यादवने माईक जयरामच्या हातात दिला. त्याच्याही चेहऱ्यावर हसू उरलं नव्हतं. हळूच म्हणाला, "जयराम, झाडं किती?"

दत्तू खांद्यावरून खाली उतरला होता. तो मोडलेल्या सऱ्या बघत होता, आणि मग जयरामकडे.

जयरामने घसा खाकरला. माईक करकरला. "दोन-एक," तो म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि पुन्हा बोलला. "झाडं, एक बी नाय. चौदा वर्सांत ह्या माणसानं माझं एक बी झाड मोडलं नाय. म्या खोटं मोजत व्हतो."

टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. हार होता, शाल होती, यादवचं लांबलेलं भाषण होतं. ते सगळं आटोपून लोक पांगल्यावर दत्तू हार घालूनच तारेखालून आत आला. खिशातून सुतळी काढली आणि गुडघा सावरत खाली बसला.

"एक बी मोडलं नाय म्हणलो ना? मग बांधतो काय?" जयराम म्हणाला.

"मोडलं नाय दादा. वाकलंय जरा."

जयराम त्याच्याशेजारी बसला आणि काडी धरली. दोघं सरीभर असे गेले. मग दत्तू सरुबाईला म्हणाला, "वहिनी, थोडं बी द्या. आमच्या गावाला भात निघाल्यावर खाचरात पोरं खेळत्यात. त्यांना शिकवीन म्हणतो. कडंनं झेंडू लावतो."

"कडंनंच लाव," जयराम काडी रोवता रोवता म्हणाला. "आन एक वाफा आधी तोडीत जा. पोरांना फडकं दिसाया पायजे."

सरुबाई बी आणायला घरात गेली. जयरामने ते लाल फडकं झटकलं, नीट घडी घातली आणि दत्तूच्या खिशात कोंबलं.