भावाच्या गल्लीत बुटकी गाडी

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या. आणि मधेच हसू नका. फजिती माझी आहे, हसायची जागा मी सांगीन.

तुम्ही मला त्या लाल गाडीतून भाजीला जाताना बघितलंच असेल. कोपरखैरण्यात कोणी बघितलं नाही? शर्यतीत पळवतात तसली. दोन दारं, दोन माणसं, आणि पोट जमिनीला घासत चालते. कंपनीचं नाव मला उच्चारता येत नाही, माझी शाळा चौथीपर्यंत. आमच्या पोरानं, मयूरनं, ती सेकंडहँड आणली. थोडे दिवस ऐटीत फिरला आणि त्याच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टर बोलला, यापुढे उंच गाडीत बसायचं. लगेच त्याच्या बापानं माझी जीप काढून त्याला दिली. मला विचारलं? मला कोण विचारतं!

लाल गाडी विकायला काढली, ती राहिली उभी. गिऱ्हाईक यायचं, तिच्यासोबत फोटो काढायचं, जायचं. मेकॅनिक बोलला, "काकी, रोज फिरवायला लागंल हिला. उभी ठेवली तर बॅटरी उतरते."

मी बोलले, "आण इकडे चावी."

विटा-रेतीचा टेम्पो चालवलेली बाई मी. मला कसली भीती? भीती नाही, पण वैताग किती! हिची डिकी पुढे आणि इंजिन मागे. डिकीत दोन कोबी आणि मेथीच्या चार जुड्या ठेवल्या की हाऊसफुल. एकदा गॅसची टाकी बाजूच्या सीटवर पट्टा लावून बसवली, तर सिग्नलला रिक्षावाला वाकून बोलतो, "मावशी, साहेबांना गरम होतंय, काच खाली करा." वाऱ्याच्या पुढे पळणारी गाडी, आणि माझ्या हातात ती रिक्षाच्या मागे रांगते. गतिरोधक आला की तिरपी घालायची, नाहीतर पोट टेकतं. आमच्या कोपरखैरण्यातले सगळे गतिरोधक मला नावानिशी माहीत आहेत. नावं मीच ठेवलीत, इथे सांगण्यासारखी नाहीत.

असो. आता माझ्या भावाकडे येते. सख्खा, मोठा. दादा.

आमच्या बापाची शेती सरकारनं घेतली आणि बदल्यात प्लॉट मिळाला. ही गोष्ट इथल्या पोराटोरांना पाठ आहे. पुढे काय होतं तेही पाठ आहे. बहिणींना जेवायला बोलावतात. मटण, वडे, कोरी साडी आणि साडीच्या घडीवर कागद. हक्क सोडल्याचा. माझी धाकटी बहीण मंदा, तिनं हात धुतला आणि सही केली. मी पण पोटभर जेवले, साडी घेतली, आणि सही केली नाही. बोलले, "दादा, मिठागरात तुझ्याबरोबर मी पण मीठ ओढलंय. माझा हिस्सा मला दे."

हिस्सा मिळाला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळाला. आणि माहेर गेलं. हिस्सा खाल्ला म्हणे मी भावाचा! बापाचा हिस्सा पोरीनं घेतला की तो भावाचा कसा होतो, हे गणित आमच्या चौथीच्या बाईंनी तरी शिकवलं नव्हतं. दर भाऊबीजेला ताट करून बसायचे, बेल वाजायची, आणि दारात इस्त्रीवाला.

तर यंदा दादाच्या पोरीचा, श्वेताचा, साखरपुडा ठरला. आणि वैनीचा फोन आला.

"ताई, यायचं हां. आत्यानं ओटी भरायची तर आत्या नको? ह्यांनीच सांगितलंय फोन कराया."

"दादा बोलला?"

"तोंडानं नाय बोलले. पन मी नंबर लावला तवा उठून गेले नाय."

आमच्या घरात याला 'बोलला' म्हणतात. मी फोन ठेवला, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. नळ कशाला? नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याच्यासमोर मी कधी रडत नाही, त्याला सवय लागेल.

जायच्या दिवशी नवरा बोलला, "रिक्षानं जा."

"भावाच्या दारात रिक्षातून उतरू? लोक बोलतील, भांडून हिस्सा घेतला आणि फुंकून टाकला."

"आणि त्या गाडीतून गेलीस तर बोलतील, बघा, हिस्सा कशात उडवला."

माझा नवरा वर्षातून एकदा शहाण्यासारखं बोलतो, आणि मी नेमकी त्या दिवशी ऐकत नाही.

दादाचं घर सानपाड्याकडच्या जुन्या गावठाणात, गल्लीच्या टोकाला. तिथल्या इमारती अशा खेटून की वरच्या बाईला समोरच्या बाईकडून मीठ घ्यायचं असेल तर नुसता हात पुढे केला तरी पुरे. नाक्यावर गाडी लावून चालत गेले असते तर माझं काय झिजलं असतं? पण नाही! मला दारात उतरायचं होतं. मांडवासमोर. सगळ्यांनी बघायला हवं होतं, सुरेखा आली. जरीची साडी, नाकात नथ. बटण दाबून गाडीचे आरसे मिटले, श्वास धरला आणि घुसले.

घर हाकेवर आलं. मांडव दिसला, मांडवात वैनी दिसली. आणि घात झाला! कोणा शहाण्यानं आपल्याच हातानं गल्लीत सिमेंटचा उंचवटा घातलेला. तिरपी घालायला जागा कुठे? सरळ चढवली. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि पोट मधोमध बसलं. घर्र! कासव दगडावर ठेवावं तशी गाडी. पुढे नाही, मागे नाही. दार उघडलं, चार बोटं उघडलं आणि भिंतीला लागलं. पलीकडचं दार, तेच. खिडकी होती म्हणा. पण आधी माझा देह बघा आणि मग खिडकीचं बोला.

एवढ्यात मागे बँजो वाजला. मुलाकडची मंडळी! उरणकडचे सोयरे, बसभर माणसं, साखरेची ताटं डोक्यावर घेऊन गल्लीत शिरली. माझ्या गाडीच्या बाजूनं मांजर जाईना, माणूस कुठून जाणार? पुढे दादाकडची माणसं, मागे सोयरे, आणि मधे मी. बाटलीच्या बुचासारखी.

वैनी हसत समोर आली, पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन. "या ताई, अशा पुढं या, मांडवात उतरा." लोकांना काय दिसत होतं? रस्ता मोकळा, गाडी चालू, आणि बाई पुढे येत नाही. पोटाखालचा उंचवटा वरून कोणाला दिसतो?

मी काच खाली केली. 'अगं अडकले', असं तोंडात आलं होतं, देवाशपथ! तेवढ्यात वरच्या गॅलरीतून मंदाचा आवाज आला, "वैनी, ती नाय यायची. रुसलीय. मान पायजे तिला."

आणि वैनीचं तोंड बदललं. घाबरली! इतक्या वर्षांत त्या घरात माझी कोणाला पर्वा नव्हती, आणि आता वैनी तांब्यासकट हात जोडत होती.

आता तुम्हीच सांगा. रुसलेल्या बाईला लोक नारळ आणून देतात. अडकलेल्या बाईला काय देतात? हसतात. मंदा तर गॅलरीतून पडेपर्यंत हसली असती. मी काच वर केली आणि तोंड फुगवून समोर बघत बसले.

पण बसून गाडी थोडीच सुटणार? म्हटलं, हळूच मागे घेऊन बघू. पाय ठेवला. ती गाडी हळूच काही करतच नाही! वाघ डरकाळला तसा आवाज, चाकं जागच्या जागी गरगरली, रबराचा धूर निघाला, आणि तो सगळा सोयऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर. बँजो बंद. पोरं रडायला लागली. कोणीतरी ओरडलं, "सुरेखानं रास्ता रोको केलाय!"

झालं. आमच्या गावात रास्ता रोको म्हटलं की सगळ्यांना पुढचं माहीत असतं. मागण्या ऐकायच्या. वैनी साडी घेऊन आली. मी मान हलवली. नारळ आला. मान हलवली. मंदा खाली उतरून बोनेटजवळ आली. "ताई, तमाशा नको करू. काय पायजे ते बोल ना एकदाचं."

काय बोलू? मला मोकळी हवा पाहिजे होती. एसी बंद पडला होता आणि मी इडलीसारखी वाफत होते. नथीखालून घाम गळत होता.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला. नवऱ्या मुलाचा आजा. खणखणीत आवाजात बोलला, "ये बाय! आमच्यावर राग हाय का तुजा?"

मी काच उतरवून मान बाहेर काढली. "नाय आजोबा. तुमच्यावर कशाला?"

"मंग कुनावर?"

आणि माझ्या तोंडातून निघालं. मी काढलं नाही, निघालं. "भावाला माज्या विचारा. बापाचा हिस्सा घेतला, तो माजा होता का चोरीचा?"

वरची मिठाची देवाणघेवाण पण थांबली असेल.

आजानं काठी मांडवाकडे केली. मग बोलला, "यजमान, ऐका. घरच्या बहिनीचा वाद असा रस्त्यात पडलेला असंल तर आमी पोरगी कशी घ्यावी? आदी ह्यो मिटवा, मंग साखर."

मांडवात श्वेता उभी होती, हिरव्या साडीत, तोंडावर हात ठेवून. तिच्या साखरपुड्याला मी ओटी भरायला आले होते, आणि तो साखरपुडाच मोडायला निघाले होते! तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी, की बाबांनो गाडी अडकलीय? पण दादा मांडवातून निघाला होता. माझ्याकडे येत होता. किती वर्षांनी! मी कशी बोलणार?

दादा बोनेटजवळ आला. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या डोक्यावरून मागे सोयऱ्यांकडे बघून मोठ्यानं बोलला, "माज्या बहिनीचा हिस्सा तिचाच होता. तिनं माजं काय खाल्लं नाय. मीच बोलत नव्हतो. चूक माजी."

मंदानं डोळे पुसले. वैनीनं पुसले. मागून आजा "वाऽ" बोलला. मी? मी काय करणार, माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. ज्यासाठी कोर्टात वकील लावला, तो कागद मिळाला होता. पण हे वाक्य कुठल्या वकिलाकडून मिळतं?

दादानं बोनेटवरून हात पुढे केला. आवाज मऊ झाला. "चल बाय. आता ये पुढं. पोरीची ओटी भर."

मी तशीच.

"आता काय राह्यलं?"

"काय नाय राह्यलं, दादा."

"मंग ये ना."

"गाडी अडकलीय."

"कदी?"

"आली तवाच."

तो वाकला. गाडीखाली बघितलं. उठला तेव्हा त्याचं तोंड पुन्हा तेच होतं, कोर्टातलं.

"म्हंजे तू रुसली नव्हतीस? रस्ता तू अडवलाच नव्हता? आनि मी सोयऱ्यांसमोर नाक घासलं?"

हसू पहिलं मागून आलं, सोयऱ्यांतून. मग वरून, गॅलऱ्यांमधून. हं, आता हसा तुम्ही पण. हीच ती जागा.

मी ओरडले, "पन दादा, तू बोललास ते खरं ना?"

"ते रस्ता मोकळा करायला बोललो," दादा बोलला आणि बाह्या वर केल्या.

पुढचं काय सांगायचं? सोयरे साखरेच्या ताटांसकट उलटे चालत नाक्याकडे गेले. दादाकडची माणसं बोनेटला लागली. कोणी पुढून उचललं, कोणी ढकललं, "हुप्पा, हुय्या!" करत. मी आत, स्टिअरिंग धरून. दादा बरोबर माझ्या समोर, मधे फक्त काच. दोन्ही हात बोनेटवर टेकवून, दात खाऊन, माझ्याकडे बघत मला ढकलत होता. त्याच्या दारापासून नाक्यापर्यंत त्यानं नजर काढली नाही. इतक्या वर्षांत एवढा वेळ आम्ही एकमेकांकडे बघितलं नव्हतं.

नाक्यावर गाडी गल्लीतून सुटली. दार उघडलं, आता पूर्ण उघडलं. बँजो परत सुरू झाला आणि सगळे आत गेले, सोयरे, वैनी, मंदा, दादा. कोणीतरी वळेल आणि 'चल' बोलेल म्हणून मी एक पाय बाहेर काढून बसले. कोणी वळलं नाही. गल्ली किती मोकळी होती तेव्हा! चालत गेले असते. नाही गेले. ओटी मंदानं भरली, असं कळलं.

घरी आले. नवरा टीव्ही बघत होता. मान न वळवता बोलला, "काय, केला का मान माहेरच्यांनी?"

"केला ना," मी बोलले. "आख्खा गाव मला नाक्यापर्यंत पोचवायला आला. दादा सगळ्यात पुढे."