बोलू नका, हलू नका

किस्से आमच्याकडे गोळा करावे लागत नाहीत, ते व्हीलचेअरवर बसून येतात. सोबत दोन नातेवाईक, एक जाडजूड फाइल आणि ठरलेला प्रश्न, "मॅडम, शॉक देणार का?"

देणार! परळच्या एका हॉस्पिटलात माझं कामच ते आहे. पॅरॅलिसिसचा अटॅक आलेला किंवा मणक्याला मार बसलेला माणूस आला, की त्याच्या हातापायाला बारीक झटका द्यायचा आणि तो निरोप मेंदूपर्यंत पोचतो का, ते स्क्रीनवर बघायचं. दुसरं काम डॉपलरचं. मानेवर गार जेल लावून रक्त नीट वाहतंय का, ते ऐकायचं. दोन्हीला शांतता लागते, म्हणून दिवसभर माझी एकच आरती चालू असते, "बोलू नका, हलू नका!"

घोडपदेवच्या तात्यांनाही मी सवयीने तेच बोलले. त्यांची बायको, सुनंदाकाकी, उशाशी उभी होती. म्हणाली, "ते सांगायला नको, मॅडम. अटॅक आल्यापासून ते एक शब्द बोलले नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाळीच्या गणपतीत मालवणी गाऱ्हाणं घालण्याचा मान तात्यांचा. सगळ्या देवांची नावं एका दमात घ्यायचे, आणि दुसऱ्या कुणी घालताना एखादा देव सुटला, तर भर मंडपात त्याच्यावर खेकसायचे.

"घरात पण तसंच," काकी म्हणाली. "सारखे भांडायचे माझ्याशी. आता दोन्ही बाजूंनी मीच भांडते!"

हसावं की रडावं कळेना. मानेतलं रक्त नीट वाहत होतं, हाताचा निरोपही वर पोचत होता. आमच्या डॉक्टर नायर मॅडम तिला म्हणाल्या, "त्यांना समजतंय बरंच. पण बोलणं कधी येईल, येईल की नाही, ते कुठलंच मशीन सांगत नाही हो." काकीने मान हलवली आणि तात्यांच्या शर्टाची बटणं लावायला घेतली.

*

लालबागचा सुशांत दहीहंडीत वरच्या थरावरून पडला होता. पाय हलत नव्हते. तपासणीला अख्खं पथक आलं! मी एकालाच आत घेईन म्हटल्यावर सगळ्यात खालच्या थरातला विकी पुढे झाला. दाराएवढा रुंद माणूस.

"मॅडम, पहिला मला द्या शॉक. आपल्या भावाला किती लागणार, ते आधी मला कळू दे."

असले लाड मी करत नाही. पण त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून मनगटावर एक बारीक झटका दिला. विकी "आई गं" म्हणाला आणि स्टुलावरून सरळ खाली!

पलंगावरून सुशांत शांतपणे म्हणाला, "बघितलंत, मॅडम? ह्याच्या भरवशावर मी वर चढलो होतो!"

त्याच्या डाव्या पायाचा निरोप त्या दिवशी अगदी पुसट आला. पण आला! बाहेर पथकाने इतक्या जोरात "बजरंगबली की जय" केलं, की सिक्युरिटीवाला धावत आला.

*

खोताच्या वाडीच्या फिलोमिना आंटीला हलकासा अटॅक येऊन गेला होता. मानेवर डॉपलर ठेवलं, तशी मशीनमधून घूं घूं सुरू झाली. आंटी दचकली.

"कोण गो हा?"

"तुमचंच रक्त आहे, आंटी. मस्त वाहतंय."

"आतून एवढी बोंबलते मी?" आंटी म्हणाली. "आणि घरात एक माणूस ऐकत नाय माझा!"

*

दादरचे जोगळेकर बँकेतून रिटायर झालेले. अटॅकनंतर डावा हात बधिर झालेला. मी वायरी काढायच्या आत त्यांनी विचारलं, "पास की नापास?"

"पास-नापास नसतं, काका. निरोप पोचतोय, फक्त जरा उशिरा."

कोपऱ्यातून जोगळेकरकाकू म्हणाल्या, "हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय! त्याला मशीन कशाला?"

जोगळेकर खळखळून हसले. तोंड अजून एकाच बाजूने हसत होतं. काकूंनी पदराने त्यांच्या ओठाचा कोपरा हळूच टिपला आणि म्हणाल्या, "चला, बसची वेळ झाली."

*

गणपती अगदी तोंडावर आले होते, तेव्हा तात्यांना पुन्हा आणलं. हात जरा सुधारला होता. बोलणं नाहीच. काकी पहिल्यापेक्षा वाळलेली दिसली.

या खेपेला तात्यांचा धाकटा भाऊ बबन सोबत होता. यंदा चाळीत गाऱ्हाणं त्याला घालायचं होतं आणि त्या विचारानेच बिचाऱ्याला घाम फुटला होता. मी तात्यांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, तेवढ्यात बबनने पिशवीतून नारळ काढून माझ्या मशीनपुढे ठेवला!

"मॅडम, सुरू करायच्या आधी दोन शब्द बोलू देवाला?"

मी नायर मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बोलू दे ना. आपल्याकडून तरी काय वेगळं होतंय?"

बबनने हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकी म्हणाली. मागोमाग मीही. गिरगावात वाढले म्हणून काय झालं, आजोळ मालवणचंच आहे.

"रवळनाथा म्हाराजा, आई सातेरी, तुझो तात्या आज हय इलो हा. तेका बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता नायर मॅडमही.

"काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

संपलं. बबनने सुटकेचा श्वास टाकला आणि नारळ उचलायला वाकला.

"वेतोबा!"

आवाज घोगरा होता, जड होता आणि भयंकर चिडलेला होता. बबनच्या हातातून नारळ सुटून पलंगाखाली गेला. स्क्रीनवरच्या रेषा वेड्यावाकड्या नाचत होत्या. तात्या लालबुंद होऊन धाकट्या भावाकडे बघत होते. त्यांच्या गावचा राखणदारच बबनने गाळला होता!

"वे-तो-बा!" तात्या पुन्हा खेकसले.

बबन तिथल्या तिथे हात जोडून म्हणाला, "व्हय, व्हय, वेतोबा म्हाराजा…"

काकीने माझा हात गच्च धरला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "भांडले! ऐकलंत ना? भांडले ते!"