वाढत्या अंगाच्या स्की

गेल्या वर्षी आल्प्समधला एक अख्खा उतार मी बसून उतरले. बसून म्हणजे, स्पष्टच सांगते, बुडावर. डब्लिनजवळच्या आमच्या ॲडम्सटाउनमधल्या सगळ्या मराठी मंडळींना हे माहीत आहे, दोघीतिघींनी तर हळदीकुंकवाला मला त्याची नक्कल करून दाखवली, मग तुम्हालाच कशाला वगळू.

झालं असं, की माझी लेक शाळेच्या सहलीबरोबर जाऊन स्की शिकून आली. आपल्याकडच्या शाळा महाबळेश्वरला नेतात, इथल्या बर्फावर नेतात. आठवड्याभरात ती अशी तयार झाली की विचारू नका. मग मला चेव आला. माझं वय चव्वेचाळीस, गुडघ्यांचं त्याहून जास्त, पण चेव आला म्हणजे आला. डब्लिनबाहेर एका टेकडीवर ब्रशसारख्या दातांच्या चटया अंथरलेला कृत्रिम उतार आहे. तिथे मी भर पावसात चार धडे घेतले. चौथ्या धड्याला न पडता खाली आले आणि मला वाटलं, झालं, जमलं की आपल्याला.

फेब्रुवारीच्या सुट्टीत मी लेकीला घेऊन आल्प्सला गेले. खरा बर्फ दुपारी मऊ असतो, तेव्हा मी बरी होते. सकाळची गोष्ट वेगळी. संध्याकाळी यंत्र फिरवून उतार गुळगुळीत करतात, मग त्यावर थंडी बसते, आणि सकाळी अख्खा डोंगर म्हणजे नुकती पुसलेली फरशी. शेवटच्या दिवशी लेकीबरोबर मी त्या फरशीवर गेले. माझ्या भाड्याच्या स्की आडव्याच घसरायला लागल्या. मी बसले. उठले, परत बसले. शेवटी लेकीने स्वतःच्या स्की काढून खांद्यावर घेतल्या आणि पाऊण तास ती माझ्या शेजारून चालत खाली आली. मी घसरतेय, ती चालतेय, आणि चार-पाच वर्षांची पोरं आमच्या बाजूने सूं करून जातायत. तिची शेवटची सकाळ माझ्या पायी वाया गेली.

खाली पोचल्यावर ती म्हणाली, "इट्स ग्रँड, आई."

आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे असू दे, चालायचंच. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. विमानात मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि ठरवलं की हे असं राहू द्यायचं नाही.

यंदा तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. सप्टेंबरपासून ती दूर कॉर्क शहरात, कॉलेजात. म्हणजे फेब्रुवारीची ही सुट्टी आम्हा दोघींची अशी शेवटचीच, पुढे तिच्या सुट्ट्या तिच्या. मला एकच गोष्ट हवी होती. तोच उतार, तशीच गोठलेली सकाळ, ती पुढे, मी मागे, आणि माझ्यासाठी तिला एकदाही मागे वळून बघायला लागू नये. एवढंच.

तेव्हा भाड्याच्या स्की बंद, स्वतःच्या घ्यायच्या. डिसेंबरात एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या स्की काढून टाकायच्या म्हणून दाखवल्या. जांभळ्या, कडेने हिरवी रेघ, फळीसारख्या रुंद आणि चांगल्या लांबलचक. मी बघितल्या आणि उचलल्या. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, बरं का. केसाच्या हजाराव्या भागाची चूक झाली तर मी लोकांचं डोकं खाते. आणि स्की मी घेतली रंग बघून. रंग आणि दुसरं कारण असं, की त्या लेकीच्या उंचीच्या होत्या. ती माझ्याहून चांगली वीतभर उंच आहे. आज मी वापरेन, उद्या तिला होतील.

हे माझं डोकं नव्हे, हे आमच्या घरचं वळण. माझी आई अमरावतीची, पन्नास वर्षं ब्लाउज शिवतेय. तिच्या हाताखाली आम्हाला आपल्या मापाचं कधी काही मिळालं नाही. फ्रॉक वाढत्या अंगाचा. चपला एक नंबर मोठ्या. शाळेचा स्कर्ट पाचवीत घोट्यापर्यंत यायचा आणि आठवीत गुडघ्याच्या वर गेला. मधे एकदाच, सहावीच्या दिवाळीच्या सुमाराला, तो मला बरोबर बसला होता, आणि तेव्हा सुट्टी होती.

आई तेव्हा आमच्याकडेच आली होती, तीन महिन्यांसाठी. घरात नवी वस्तू आली म्हणून तिने हळदकुंकू आणलं, स्की हॉलमध्ये भिंतीला टेकवल्या आणि त्यांच्याकडे ग्राहकाच्या ब्लाउजकडे बघते तसं बघितलं. मग कडेच्या पोलादी पट्टीवर अंगठ्याचं नख आडवं ओढलं.

"याले त धारच नाही वं," ती म्हणाली.

"आई, ही कातर नाही."

"मंग कडेले लोखंड काहून लावलं? शोभेले?"

मी म्हणाले, तुला नाही त्यातलं कळायचं.

तेवढ्यात लेक शाळेतून आली. दप्तर टाकलं, स्कीकडे बघितलं. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इथल्या हेलातल्या इंग्रजीत.

"या कुणाच्या?"

"माझ्या."

"या माझ्या उंचीच्या आहेत."

"हो, म्हणजे उद्या तुला होतील."

तिने एक स्की आडवी धरून मला तिची रुंदी दाखवली. या खोल, मऊ बर्फावर तरंगायच्या, म्हणाली. गोठलेल्या उतारावर तू हिला कडेवर उभी करेपर्यंत दहा हात खाली गेलेली असशील. मग जरा थांबून म्हणाली, "मी कॉर्कला चाललेय, आई. तिथे बर्फ पडत नाही. एकदा तरी काहीतरी स्वतःसाठी घे."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. मी स्वयंपाकघरात जाऊन प्रेसची दारं दोनदा उघडून बंद केली. भांड्यांच्या कपाटाला प्रेस म्हणायला मी इथेच शिकले, आणि ती आपटायलाही.

पुढच्या शनिवारी, राग उतरल्यावर, आम्ही तिघी स्कीच्या दुकानात गेलो. नवरा घरीच राहिला; त्याचं म्हणणं, बर्फ फ्रीजमध्ये शोभतो. दुकानातली बाई साठीची, आखूड पांढरे केस, कमरेला ॲप्रन आणि त्यात पेचकस. तिने पहिलंच विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "तसं म्हणजे, हिलाही पुढेमागे..."

"मला नकोयत," लेक म्हणाली.

"वजन?"

"सिक्स्टी," मी म्हणाले.

आईला इंग्रजी येत नाही, पण इंचाच्या टेपवर आयुष्य काढलेल्या बाईला आकडे येतात. ती हसली. "साठ? कोनत्या जन्मी? सांगून टाक बापा खरं, थे काही तुले सून करून नाही नेत."

लेक हसून हसून एका खुर्चीवर बसली. दुकानदारीणबाईंना शब्द कळले नाहीत, अर्थ बरोबर कळला. त्यांनी शांतपणे समजावलं, की बूट धरून ठेवणारा जो चिमटा असतो, तो पडताना सुटावा आणि वळताना सुटू नये म्हणून वजनावर कसतात. वजन कमी सांगितलं तर बर्फावर ऐन वळणात पाय एकीकडे आणि स्की एकीकडे. मग मी खरा आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही, तुम्ही कुठे मला स्की बांधणार आहात.

मग त्यांनी मला उतार विचारला, वेळ विचारली, कशी पडले ते विचारलं. मी ते सगळं हातवारे करून सांगितलं. आता माझा त्यात हात बसलाय. त्या म्हणाल्या, बायकांच्या स्की हा शब्द आधी विसरा. त्यातल्या बऱ्याच हलक्या आणि मऊ असतात, शिकणाऱ्या बाईला बऱ्या, पण कडक बर्फावर मऊ स्की पिळवटते आणि सुटते. तुम्हाला मध्यभागी अरुंद पाहिजे, सत्तर मिलिमीटरच्या थोडी वर, म्हणजे पाय कलवला की लगेच कडेवर येईल. आत धातूचा पत्रा पाहिजे, म्हणजे थरथरणार नाही. उंची हनुवटीपर्यंत, कपाळापर्यंत नाही.

मिलिमीटर ऐकल्यावर माझी मान आपोआप ताठ झाली. अरे, ही तर माझीच भाषा. एवढं मला कुणीच का नाही सांगितलं, असं मनात आलं, आणि लगेच आठवलं की आईने नखाने सांगितलं होतं आणि लेकीने तोंडाने.

शेवटी दोन जोड्या समोर राहिल्या. दोन्ही अरुंद, दोन्ही माझ्या हनुवटीला. एक वापरलेली, तिच्यावर गुलाबी कमळं. दुसरी कोरी, उंदरी रंगाची, तोंडावरची माशी हलणार नाही अशी. माझी नजर कमळांवर. आई पुढे झाली. कमळांच्या कडेवर नख ओढलं, काही नाही. उंदरीवर ओढलं आणि नखाची पांढरी भुकटी तिच्या अंगठ्यावर आली.

"हे घे," ती म्हणाली.

दुकानदारीणबाईंनी स्वतःचा अंगठा वर करून दाखवला. त्याच्या नखावर तशाच ओरखड्यांची जाळी. "तुमच्या आई स्की करतात?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. ब्लाउज शिवतात."

पुढची दहा मिनिटं त्या दोघी धारेबद्दल बोलत होत्या. एक वऱ्हाडीत, एक इंग्रजीत, मधे कुणी भाषांतर केलं नाही. आईने पर्समधून आपली कातर काढली नाही एवढंच, तीही त्या दिवशी घरी राहिली होती म्हणून. बूटही त्याच दुकानात घेतले, माझ्याच नंबरचे. मी एक नंबर वाढवून मागत होते, जाड मोजे घालेन म्हणत होते. तिघींनी एकदम नाही म्हटलं.

घरी आल्यावर आईने उंदरी स्कीच्या टोकांवर कुंकवाचं एकेक बोट लावलं. अमरावतीला परत जाताना मला दारात म्हणाली, "हे तुह्या मापाचं हाय. सांभाळून वापर." माझ्या आयुष्यात तिने हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं.

फेब्रुवारीत आम्ही दोघीच गेलो. पहिल्या सकाळी रोपवेच्या पहिल्या पाळण्यात बसलो. खाली उतार चकाकत होता, अगदी गेल्या वर्षीचा. मी अखंड बोलत होते. घाबरले की मी बोलते. पाळण्यातले एक अनोळखी आजोबा मला म्हणाले, तुम्ही खूश दिसता. मी म्हणाले, मी खूशच आहे, आणि नवल म्हणजे होतेच.

वर उभं राहून मी लेकीला सांगितलं, "तू पुढे हो. आणि मागे बघायचं नाही."

"पडलीस तर?"

"पडले तर माझी मी उठेन."

तिने खांदे उडवले आणि निघाली. मी पाच आकडे मोजले आणि तिच्या मागे. पहिल्या वळणाला पाय कलवला, आणि खालून आवाज आला. कर्रर्र. आईची मोठी कातर टेबलावरून सलग कापड कापत जाते ना, तोच. आणि स्की धरून राहिली. मी परत कलवला, परत कर्रर्र, परत धरली. मी हसायला लागले. एकटीच, मोठ्याने, तोंडात थंड वारा शिरेपर्यंत. दुसरं वळण, पाचवं, आठवं. अंगावर कुणी गुलाल उधळावा तसं वाटत होतं. गेल्या वर्षी जिथे बसले होते ती अरुंद जागा आली, तिथे जरा भीती वाटली, वळण लहान केलं, पण निघाले बाई.

ती पुढेच होती. तिचं निळं जाकीट डावीकडे, उजवीकडे. एकदाही मागे बघितलं नाही. मला तेच हवं होतं. आणि आता तुम्हाला खरं सांगते, अर्ध्यावर मला वाटायला लागलं, एकदा बघितलं तर काय बिघडेल. एवढी मी येतेय, बघायला कुणी नाही. सप्टेंबरात ती अशीच जाणार, न बघता, आणि तेही मीच शिकवलेलं. माझ्या चष्म्याला आतून धुकं धरलं.

खाली ती थांबली होती, अजून माझ्याकडे पाठच. शब्द म्हणजे शब्द. मी तिच्या बुटांवर बर्फ उडवत थांबले.

"एकदाही बघितलं नाहीस," मी म्हणाले.

"कशाला? ऐकू येत होतीस की."

"काय ऐकू येत होतं?"

"तुझ्या स्की. पूर्ण वेळ." तिने नाक पुसलं. "त्या अरुंद जागी आवाज कमी झाला, म्हणून मी तिथे हळू झाले. मग परत आला."

मी वाकून तिच्या बुटांवर उडवलेला बर्फ झटकायला लागले. ती जरा घाबरली. "आई? ग्रँड?"

"ग्रँड," मी म्हणाले.

परत पाळण्याने वर गेलो. वर गेल्यावर ती म्हणाली, "आता तू पुढे. मी मागून येते." मी निघाले. माझ्या कर्रर्रच्या मागे थोड्या अंतरावर तिचं कर्रर्र, बारीक आणि भरभर. मीही मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा बघताना पडले. ती येऊन शेजारी थांबली, हात पुढे केला नाही, आणि मी माझी उठले.