कोरड्या जागी ठेवावे

मास्तर पान उलटण्याआधी बोट चाटत. नुसतं ओठाला लावत नसत. जीभ बाहेर काढून बोट तिच्यावर नीट फिरवून घेत आणि मग ते ओलं बोट माझ्या सुनेच्या वहीवर टेकवत. वहीतल्या पानांचे खालचे कोपरे फुगून पिवळे पडले होते. विचार करताना पेनाचं टोपण कानात घालून फिरवत, बाहेर काय निघालं ते निरखून बघत आणि तेच पेन सुनेपुढे धरत, "हं, लिहा ताई." ते पहिल्यांदा घरी आले त्या दिवशी माझ्या रोजनिशीत एकच शब्द आहे: शी!

तरी ते येत राहिले, कारण सुनेला परीक्षा द्यायची होती. ती एका हॉस्पिटलात आया. बेडपॅन उचलायचे, चादरी बदलायच्या, फिनेलनं फरशी पुसायची. हातांची सालं निघालेली, कंबर कायमची धरलेली. वॉर्डक्लार्कची जागा निघाली तेव्हा तिनं मनावरच घेतलं. अट एवढीच की दिलेल्या विषयावर इंग्रजीत एक चांगला परिच्छेद लिहून दाखवायचा. जमलं तर खुर्ची, टेबल आणि कोरडे हात. मुलगा बोटीवर असतो, घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, "मी शिकवते की. नन्सच्या हाताखाली शिकलेय."

"आई, तुम्ही शिकवणार तसं मला सात जन्मांत यायचं नाही. मास्तरांची माणसं पास होतात."

होत होती, हे खरं. कशी, ते आठवड्याभरात कळलं. मास्तरांकडे एकच परिच्छेद होता आणि त्यात एक जागा रिकामी. ही वस्तू फार उपयोगी आहे, प्रत्येक घरात ती असावी, रोज वापरावी, कोरड्या जागी ठेवावी. विषय कुठलाही येवो, तो त्या जागेत कोंबायचा. गाय, कॉम्प्युटर, वर्तमानपत्र, काहीही.

"आणि आई आली तर?" मी विचारलं.

"येऊ द्या ना आजी!" मास्तरांनी डोळे मिटले. "मदर इज व्हेरी युजफुल. एव्हरी होम शुड हॅव वन. कीप इट इन अ ड्राय प्लेस."

"आईला कोरड्या जागी ठेवायचं?"

"अर्थाकडे बघू नका. व्याकरणाची चूक काढून दाखवा."

"इट नाही, हर."

"तेवढं चालतं," म्हणत त्यांनी बोट चाटलं.

हा परिच्छेद आला कुठून, तेही त्यांनी एकदा मोठ्या अभिमानानं सांगितलं. शाळा अर्ध्यावर सुटली, मग ते दारोदार झुरळांची पावडर विकायचे. कोणी उभं करीना. डब्यावरची इंग्रजी सूचना त्यांनी पाठ केली आणि दार उघडलं की एका दमात म्हणायला लागले. लोक आत बोलवू लागले, पाणी देऊ लागले. पुढे कुणी म्हणालं, आमच्या पोराला हे इंग्रजी शिकवा. पावडर बंद पडली, परिच्छेद चालू राहिला. न खपलेले डबे अजून त्यांच्या खाटेखाली होते आणि तो उग्र, गोडसर वास शर्टातून येई. ते गेल्यावर मी खुर्ची स्पिरिटनं पुसायची.

आणि मग सुनेला समोर बसवायची. वाक्यात कुणीतरी काहीतरी करतं, आधी तो करणारा शोध. काल घडलेलं सांगत असशील तर कालातच राहा, मध्येच आजमध्ये उडी नको. एका परिच्छेदात एकच गोष्ट. पहिल्या वाक्यात ती सांग, बाकीच्या वाक्यांनी तिची साक्ष द्यायची. ती जांभया देत मान हलवायची.

एके दिवशी मास्तरांनी विषय दिला, 'पेशंट'. सून धाडधाड म्हणत सुटली, पेशंट फार उपयोगी आहे, प्रत्येक घरात एक असावा. मला हसू फुटलं, तिलाही. "कीप इट इन अ ड्राय प्लेस," म्हणाली आणि पेन खाली ठेवलं.

"काय गं?"

"तो खिडकीजवळचा म्हातारा, आई. सकाळपासून ओल्यातच पडलेला. चादर मागितली तर सिस्टर म्हणाल्या, संपल्यात, तीच उलटी घाल. घातली मी. काढताना पाठीची कातडी चादरीला चिकटून आली."

मास्तर टोपण फिरवतच होते. "हे नका घेऊ ताई. लांबण लागते."

"हेच लिही," मी म्हटलं.

तिनं लिहिलं. पाच-सहा वाक्यं, छोटी छोटी. म्हातारा ओल्या गादीवर पडला होता. मी चादर मागितली. कुणी काय केलं ते प्रत्येक वाक्यात होतं आणि तिनं स्वतः काय केलं तेही. मास्तरांनी वाचलं. पहिल्यांदाच बोट तोंडाकडे न नेता पान उलटलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण पेपर मेट्रन तपासणार. तिला हे वाचायचं असेल का? तुम्हीच ठरवा."

परीक्षेहून ती आली आणि चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"विषय काय होता?"

"आमचा वॉर्ड."

"मग?"

"मास्तरांचं लिहिलं."

"वॉर्ड फार उपयोगी आहे? कोरड्या जागी ठेवावा?"

"हो, सगळं." तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "हे बघा ना, आई."

मी बघितले.

तिची निवड झाली. मास्तर अभिनंदनाला आले, माझ्या कपातून बशीत ओतून चहा प्यायले, बशीही चाटली. मेट्रनला त्यांची पद्धत इतकी आवडली होती की हॉस्पिटलातल्या सगळ्या आयांना शिकवायला त्यांना बोलावणं आलं होतं. तो कप मी फेकून दिला.

पुढच्या आठवड्यात सुनेनं एक कागद आणला. वॉर्डचा रोजचा अहवाल आता तिला लिहायचा असतो. "तपासता, आई? यात मास्तरांचं काही नाही हं. सगळं तुम्ही शिकवलेलं."

खरंच तसं होतं. पहिल्या वाक्यात एक गोष्ट, बाकीची तिची साक्ष देणारी. काल घडलेलं कालातच. सर्व रुग्णांना आंघोळ घातली. सर्व चादरी बदलल्या. खिडकीजवळच्या रुग्णाला आराम आहे, त्याचं अंथरूण कोरडं आहे.

"म्हातारा कसा आहे?"

"तसाच. ओल्यात." ती खिडकीकडे बघत होती. "सिस्टर सांगतात, मी लिहिते. चूक आहे का कुठे?"

मी दोनदा वाचलं. एकही नव्हती. मास्तरांनी चाटलेली तिची वही धरायची, तसा मी तो कागद कोपऱ्याला चिमटीत धरला आणि परत दिला. कोपरा अगदी कोरडा होता.