वॉर्डवीर आणि कुजबुज्या

माझा सहदेवमामा राहतो घाटकोपरच्या भटवाडीत, आमच्याच घरी, पण कामाला आहे एका कानात. कान डावा. मालक नंदकुमार घाग, आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक. निवडणूक कधी लागणार हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं त्या दिवसांत बॅनरवर ते 'भावी नगरसेवक'ही होते. माजी आणि भावी एकदमच, मधे नुसती हवा.

साहेब पूजेला जावोत, बारशाला जावोत, नळाच्या उद्घाटनाला जावोत, मामा त्यांच्या डाव्या खांद्यामागे अर्धं पाऊल. समोरून माणूस आला की ओठ न हलवता मामाचा आवाज निघतो: "सपना कदम. तिसरी गल्ली. धाकटी बारावी नापास. पाण्याची मोटार." नाव, घर, दुखणं, काम. चार सेकंद. लगेच साहेब दोन्ही हात पसरतात. "काय सपनाताई! मोटार बसली की नाही? आणि धाकटीला सांगा, नापास मीपण झालोय, बघा कुठे पोचलो!" सपनाताई गल्लीभर सांगत सुटतात, साहेबांच्या सगळं लक्षात असतं बाई. साहेबांच्या स्वतःच्या मेव्हण्याचं नाव लक्षात नसतं. गेल्या दिवाळीत तेही मामानंच पुरवलं.

हे मामाला कसं जमतं? आजोबांची गिरणी संपात बंद पडली तेव्हा मामा आठवीत होता. शाळा सुटली, आणि मंडळाच्या गणपतीत स्पर्धेतल्या पोरांची नावं माइकवरून पुकारायचं काम अंगावर आलं. अध्यक्ष तेव्हा घाग. पोरांची नावं पुकारता पुकारता मामाला बापांची पाठ झाली, मग आयांच्या माहेरची. घाग पुढे गेले, मामा अर्धं पाऊल मागे. अजूनही सकाळी पिठाच्या चक्कीवर, संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, मयताला पहिला आणि बारशाला शेवटचा. वही नाही, मोबाइलमध्ये काही नाही. सगळं डोक्यात.

मला दोघांचेही आवाज काढता येतात. जेवताना मी आधी साहेब करते, मग मामा. मामा एवढा हसायचा की भात नाकात जायचा.

एप्रिलमध्ये देवव्रत आला. अंधेरीच्या कुठल्याशा एजन्सीतून, पांढरे बूट घालून. त्याचं प्रत्येक वाक्य 'ॲक्चुअली'नं सुरू होऊन 'राइट?'वर संपायचं.

"साहेब, ॲक्चुअली यूथ कनेक्ट हवा, राइट? आपण कॉमिक काढू. सुपरहिरो तुम्ही. एक जूनला, तुमच्या वाढदिवसाला रिलीज."

"मला उडावं लागेल काय रे?"

"चित्रात, साहेब."

"मग चालेल. पोट तेवढं आत घ्यायला सांग."

लिहिणार कोण, यावर मामा म्हणाला, "माझी भाची लिहिते ना. अकरावीत आहे. आवाज झकास काढते." असं ते काम माझ्याकडे आलं, मामाच्याच वशिल्यानं. चित्रं माझ्या वर्गातला हर्षद काढणार होता.

आता सुपरहिरोंची कॉमिकं मी ढिगानं वाचलीत. त्यात राज्य चालवणारा माणूस बहुतेक वेळा खिडकीत पाठमोरा उभा असतो. शहर कोसळत असतं आणि हा म्हणतो, "आता फक्त तोच आपल्याला वाचवू शकतो." मग पगार कशाचा घेतोस बाबा? नाहीतर तो मुळातच राक्षसाचा पार्टनर निघतो. पण कसाही असो, त्याच्या कानाशी एक सल्लागार असतोच. बारीक, हात चोळणारा. अकराव्या पानावर तो कुजबुजतो आणि चौदाव्यावर कळतं की सगळी आग यानंच लावली. नेता सुटतो. "मला चुकीचा सल्ला देण्यात आला," एवढं म्हणाला की पब्लिक टाळ्या वाजवते. नेत्याला स्वच्छ ठेवायला सल्लागार लागतोच, धुण्याला साबण लागतो तसा. झिजतो कोण ते वेगळं सांगायला नको.

मीही तेच केलं. हिरो वॉर्डवीर. त्याची महाशक्ती काय, तर वॉर्डातल्या सात हजार घरांची सुखदुःखं तोंडपाठ. आणि विलन, त्याच्या कानाशी लागणारा कुजबुज्या. कुजबुज्याचे संवाद तर मला आयतेच मिळाले. नाव, घर, दुखणं, काम, आणि शेवटी 'हा हा हा'. हर्षदनं मामाला आमच्या घरी पाहिलं होतं. त्यानं कुजबुज्याला हाफ शर्ट घातला, कॉलरमध्ये रुमाल खोचला. मी चित्र पाहिलं, ओळखलं आणि पोट धरून हसले. बदल असं म्हणाले नाही.

छापील प्रती साहेबांच्या ऑफिसात आल्या तेव्हा साहेब मोठ्यानं वाचायला लागले आणि अकराव्या पानावर थबकले. "सह्या! अरे, हा तर तू!" ऑफिस फुटलं. पाच मिनिटांत "ए कुजबुज्या, दोन चहा सांग" सुरू झालं. मामाही हसला. न हसून करतो काय?

घरी येऊन त्यानं अंगठा ओला करून एकेक पान उलटलं.

"ह्यो माझो रुमाल."

"मामा, गंमत आहे रे."

"हां, गंमतच असा. पण एक सांग गो. ह्येका सगळ्यांची दुखणी कशाक पाठ?"

"विलन आहे ना तो. ब्लॅकमेल करायला."

"असां," म्हणाला आणि बांगडा अर्धा टाकून उठला. आमच्या घरात याला राजीनामा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी देवव्रतनं पुढचं पाऊल टाकलं. "सहदेवजी, ॲक्चुअली आता तुम्ही साहेबांच्या कानाशी दिसलात तर लोकांना कुजबुज्याच आठवणार, राइट? एक जूनला तुम्ही खुर्च्यांमागे थांबा."

"आणि साहेबांना नावं कोण सांगणार?"

"ॲप." साहेबांच्या शिबिरांत लोकांकडून भरून घेतलेले सगळे फॉर्म त्यानं टॅबमध्ये घातले होते. साहेबांच्या कानात छोटासा इअरफोन बसणार आणि स्पीकरच्या आडून देवव्रत वाचणार.

मामानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मोबाइलकडे बघितलं. "एक दिवस आराम कर ना, सह्या."

घरी मामा मला म्हणाला, "एक दिस म्हणजे कायमचो, गो. कानाक दुसरो आवाज लागलो की लागलो. मगे माका कोण ईचारता?" छप्पन्न वर्षांच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार, आणि अर्जात अनुभव म्हणून लिहिणार काय?

एक जूनला मंडळाच्या मैदानात स्टेज. रील काढायचं म्हणून देवव्रतनं साहेबांच्या कॉलरला चिमट्याचा माइक लावला आणि मैदानातल्या स्पीकरला जोडला. डाव्या कानात इअरफोन. मामा आणि मी शेवटच्या खुर्च्यांमागे. कॉमिक वाटून झालं, केक कापला, भेटणाऱ्यांची रांग लागली.

पहिले धाकू राणे, वय बाहत्तर. साहेबांनी कानातलं ऐकलं आणि हात पसरले. "काय धाकूशेठ! आज तुमचाही वाढदिवस!"

"माझो?" धाकूकाका दचकले, पण तोवर केक तोंडात गेला होता.

पुढच्या आजी. त्यांचाही वाढदिवस. त्यांच्या मागचे आजोबा, त्यांचाही. कारण असं की आमच्या वॉर्डातले जेवढे म्हातारे गावच्या शाळेत गेले त्या सगळ्यांची जन्मतारीख एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, पोर सहा वर्षांचं दिसतंय, मास्तरांनी ठोकून दिलं एक जून. खुद्द साहेबांचा वाढदिवसही मास्तरांनीच ठरवलेला. हे भटवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देवव्रतच्या ॲपला नव्हतं.

सातव्या म्हाताऱ्याला केक भरवून साहेब हळूच पुटपुटले आणि ते कॉलरमधून मैदानभर गेलं: "देवव्रत, हे सगळे एकाच दिवशी जन्मले काय रे?"

मैदान हसून लोळलं. मी तर खुर्चीच पकडली. मामा हाताची घडी घालून उभा होता, चेहरा एकदम समाधानी.

"मामा, जा ना वर. साहेबांची वाट लागली."

"मी? मी खुर्च्यांमागे." मजा येत होती त्याला. येऊ दे की.

मग रांगेत मालन गुरव पुढे सरकली. मामाच्या हाताची घडी सुटली.

मालनचा मुलगा बाळा, चोवीस वर्षांचा, त्याच आठवड्यात बुधवारी काविळीनं गेला होता. मृत्यूच्या दाखल्यासाठी तिला साहेबांची चिठ्ठी हवी होती, आणि साहेबांना भेटायची त्या दिवशी तेवढी एकच रांग होती. म्हणून ती वाढदिवसाच्या रांगेत उभी होती, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"मालनताई!" साहेबांनी केकचा तुकडा उचलला. "वाढदिवसाच्या हार्दिक..."

मामा कधी निघाला ते मला कळलंच नाही. दिसला तो स्टेजच्या पायऱ्यांवरच. डाव्या कानात इअरफोन होता, म्हणून तो उजव्या कानाशी गेला. तीस वर्षं बोलतोय तसाच, ओठ न हलवता, हळू. पण कॉलरचा माइक चालू होता आणि मामाची कुजबुज पहिल्यांदाच सगळ्या वॉर्डानं ऐकली.

"मालन गुरव. चौथी गल्ली. बाळा गेलाय बुधवारी. दाखल्याला चिठ्ठी. केक खाली ठेव, नंद्या."

साहेबांनी केक खाली ठेवला, हात पुसायला काही सापडेना म्हणून झब्ब्यालाच पुसला. शेवटी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं, ताई."

त्या स्टेजवरून त्यांच्या तोंडून खरं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मालननं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पिशवीतले कागद तिनं मामाच्या हातात दिले.

खाली धाकूकाका, मिशीला क्रीम तसंच, शेजाऱ्याला म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षां आमका सहदेव ओळखता. ह्यो नाय!" ते हळू बोलले असं त्यांना वाटतं. त्यांना ऐकू कमी येतं.

त्या रात्री मी मामाला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "आवाज माझो बरोबर काढलंस गो. दुखणा काढूक विसरलंस." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

देवव्रत दुसऱ्याच आठवड्यात बोरिवलीच्या कुठल्यातरी भावी माणसाकडे गेला. चार दिवस मामा घरीच, पण लोक कागद घेऊन साहेबांच्या ऑफिसात जायचे ते आमच्या पायऱ्यांवर यायला लागले. पाचव्या दिवशी खुद्द साहेब आले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायले.

"सह्या, उद्यापासून ये रे."

"येतो. पण कानात नाय सांगणार."

"मग?"

"मोठ्यानं सांगणार."

"अरे, लोकांसमोर?"

"लोकांचंच आहे ते. तुमचं काय त्यात?"

साहेबांनी बशी खाली ठेवली, दाराबाहेर पायरीवर बसलेली सात-आठ माणसं बघितली, आणि हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन. मामा डावीकडेच, पण मागे नाही, शेजारी. नीलम परब समोर आल्या तसा मामानं गणपतीतला आवाज लावला:

"नीलम परब! पहिली गल्ली! नवरा हॉस्पिटलातून घरी आला! गटाराचं झाकण! साहेब दोनदा 'करतो' म्हणाले, बसलं नाही!"

साहेबांचे पसरलेले हात हवेतच राहिले. "काय नीलम... अं... उद्या. उद्या बसेल झाकण."

मामानं मागच्या रांगेकडे मान वळवली. "साहेब म्हणाले, उद्या! ऐकलंत ना सगळ्यांनी?"