धाकट्याच्या पाठीवरचा डाग

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," माझा मुलगा डॉक्टरांना म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

सोलापुरातला दवाखाना. शेजारी नात मान खाली घालून बसलेली. तिचं जेवण सुटलं होतं, कॉलेज सुटलं होतं. हे डिप्रेशन आहे असं सांगून डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला झालं होतं का? उपचार ठरवताना ते कळलेलं बरं असतं.

झालं होतं. माझ्या धाकट्या भावाला.

मंद्रूपकडं आमची मेंढरं होती. चरायचं सोडून कळपाबाहेर बसणाऱ्या मेंढीला तापल्या विळ्याचा डाग द्यायचा, ही आमची रीत. विशीत भाऊ तसाच बसायला लागला. पुढ्यातली भाकरी वाळून जायची. वडिलांनी विळा तापवला. त्याचे हात मी धरले. पाठीवर डाग बसला तसा तो किंचाळला, आणि आम्हाला बरं वाटलं. म्हणे, अंगात जीव आहे अजून!

मग देवऋषी म्हणाला, बाहेरचं आहे. गावातले डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा, सलाईन लावलं. मी तेव्हा सोलापुरात गिरणीत लागलेलो, शहाणा. मी म्हणालो, "लाड झाल्यात. कामाला जुंपा."

आई तेवढी म्हणायची, "आरं, तुला काय होतंय म्हनून त्याला इचारा की कुनीतरी!"

"त्याला काय हुतंय? बसून खायला मिळतंय की!" वडील म्हणाले आणि सगळे हसले. मीही.

म्हणून 'त्या काळी कुणाला काय कळत होतं' असं कुणी म्हणालं की मला संताप येतो. विचारायला काय कळावं लागतं? पुढं भाऊ माझ्याच घरी राहिला आणि तसाच पन्नाशीत वारला. घरातली पोरं त्याला 'बसके काका' म्हणायची. त्यांत हा माझा मुलगाही होता. नाव मीच पाडलं होतं.

"खोटं सांगतोय हा," मी डॉक्टरांना म्हणालो. "माझा सख्खा भाऊ असाच होता. लिहून घ्या."

"आबा, काका नुसते आळशी होते हो."

"आळशी मी ठरवला त्याला! तू ऐकलंस नुसतं. आता गप बस."

डॉक्टरांनी पेन उचललं. "त्यांना नक्की काय व्हायचं? ते स्वतः काय सांगायचे?"

इतकी वर्षं एका घरात काढली आणि सांगायला एक वाक्य नव्हतं.

नातीनं मान वर केली. "सकाळ झालेलीच नको वाटत असेल, आबा."

"तुला तसं वाटतं?"

तिनं होकाराची मान हलवली. मुलगा घड्याळ बघत होता. मी खुर्ची तिच्याकडं ओढली.

"आणखी काय होतं गं तुला?"