पत्रिकेतलं मामाचं नाव

"ताय, हात धुवून येतो, पान वाढ." माझा धाकटा भाऊ सुरेश माझ्याशी एवढंच शेवटचं बोलला, माझ्या लेकीच्या लग्नाच्या मांडवात. त्याला आता पाच आठवडे झाले.

काल्हेरच्या गोदामांसाठी जमिनी बळकावणाऱ्या टोळीत तो सात वर्षं होता, हे मी लपवत नाही. शेतकऱ्याच्या दारात उभं राहून नुसतं बघायचं, एवढंच त्याचं काम. समोरचा त्या बघण्यानंच सही करायचा. मी तोंडावर सुनवायची, "मेल्या, आपल्या बापाचीपण जमीन होती रे!" तो हसायचा… आणि जेवायला बसायचा. मग एकदा दार उघडलं ते आमच्या शाळेतल्या गुरुजींनी. त्या दिवसापासून सुरेशनं टोळी सोडली आणि गणेशपुरीला कुंडापाशी नारळ-फुलं विकत लपून राहिला. मी एसटीनं जायची. नारळ कानाशी हलवून गिऱ्हाइकाला द्यायचा. वाटायचं, सुटला बाई एकदाचा.

थोरल्या लेकीचं, मनीषाचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाला, "पोरीला बोहल्यावर मीच आननार. पन पत्रिकेत माझा नाव नको टाकू."

"असं कसं? सख्खा मामा हायस ना तू? लोक काय म्हणतील?"

मोठ्या बहिणीपुढे त्याचं कधी चाललंच नाही. आमच्यात पत्रिकेत मामाचं नाव नसलं की मामा मेला नाहीतर भांडला, असंच धरतात. मी ठळक छापलं. आणि गावातलं एकही घर वगळायची रीत नाही, म्हणून पत्रिका टोळीच्या शेठकडेही गेली. कुठे, किती वाजता, कोण येणार… सगळं मीच कळवलं!

त्यानं मनीषाला हाताला धरून आणलं. अक्षता पडल्या. मांडवामागे नळावर त्याला गोळ्या घातल्या. बँड वाजत होता, पोलिसांना सांगायला कुणी काही पाहिलेलंच नव्हतं. दहाव्याला शेठ हात जोडून आले, आणि मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय करणार होते?

उरलेल्या पत्रिका कपाटात आहेत, फाडवत नाहीत. आता धाकटीचं ठरलंय. छापखानेवाला म्हणाला, मजकूर तोच ठेवू, मामाच्या नावाआधी फक्त 'कै.' घालू. रात्री यादी करताना मी शेठचं घर खोडलं. नवऱ्यानं ते पुन्हा लिहिलं.

"असं कसं?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"